जयंती, वर्धापनदिन की नुसतीच पन्नाशी?

प्रश्न असा आलाय की कोथरूडच्या एका कॅफेत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडीची सुवर्णजयंती' असा बोर्ड लागला होता (क्वीन या इंग्रजी बँडचं गाणं ते), तर गाण्याची जयंती असते का, आणि नसेल तर ॲनिव्हर्सरीला मराठीत म्हणायचं काय.

माझ्या कानाला तरी खटकतं. मराठीत जयंती माणसाची, तीही गेलेल्या माणसाची (हनुमान चिरंजीव असून त्याची जयंती कशी, हा वाद आत्ता नको). ते गाणं लिहिणाऱ्या, गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीची ५ सप्टेंबरला जयंती म्हणा, खुशाल म्हणा, पाचगणीला शाळेत होता म्हणजे आपल्या घाटावरचाच की तो! पण १८ जूनला कुणी 'पॉल मॅकार्टनी जयंती' लिहिलं तर अवघड आहे, १९४२ चा जन्म असला तरी बीटल्स बँडमधला हा माणूस चांगला हिंडतोफिरतोय, त्याचा वाढदिवसच. सुवर्णजयंती हे हिंदीतल्या स्वर्णजयंतीवरून आलेलं वाटतं, आपला शब्द सुवर्णमहोत्सव.

आता वर्धापनदिन. त्यात वृध् धातू आहे, वाढणं. म्हणून तो बँकेचा, वाचनालयाचा, मंडळाचा, फार तर बँडचा, जे चालू आहे आणि वाढतंय त्याचा. गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ ला आलं ते आलं, ते काय वाढणार, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं तेवढंच राहिलंय. त्यामुळे मी सरळ 'गाण्याला पन्नास वर्षं झाली' म्हणतो. यात एक मजा आहे, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्याला पन्नासावं लागलं आणि २०२५ ला पन्नास पूर्ण झाली, हा 'लागणं' आणि 'पूर्ण होणं' यातला फरक मराठीत दोन शब्दांत होतो आणि तरी बोर्ड रंगवणारे हमखास एक वर्ष चुकतात.

पुण्यतिथीबद्दलही कुणीतरी विचारलंय. काटेकोर बघायचं तर तिथी दरवर्षी सरकते, मग बीटल्समधलाच जॉन लेनन गेला ती ८ डिसेंबर ही तारीख झाली, तिला स्मृतिदिन बरा. पण टिळकांची पुण्यतिथी आपण १ ऑगस्टलाच करतो ना, तेव्हा एवढं ताणू नये. आणि सवाई गंधर्व गेले सप्टेंबर १९५२ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला महोत्सव आपण डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून ऐकतो, कुणाची तक्रार आहे का?

बोर्डावर 'सुवर्णमहोत्सवी वर्ष' लिहिलं असतं तरी चाललं असतं.