गुडघा बदलताना रक्त चढवावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांच्या आहेत, हिमोग्लोबिन ९.६ आहे, पुढच्या महिन्यात एक गुडघा बदलायचाय आणि हॉस्पिटलने दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा म्हटलंय, तर रक्त चढवावंच लागेल का. मी बडोद्यात ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण असे फॉर्म रोज हातातून जातात म्हणून सांगतो. सोय करा म्हणजे चढवणारच असं नसतं. आम्ही पेशंटच्या सॅम्पलशी बाटली जुळवतो, नावाची चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवतो, आणि एका गुडघ्याच्या केसमध्ये हल्ली बरेचदा ती चिठ्ठी काढून बाटली परत स्टॉकला जाते.

यात मोठा हात ट्रॅनेक्सामिक ॲसिडचा. जपानच्या ओकामोतो नवरा-बायकोने १९६२ मध्ये शोधलेलं स्वस्तातलं औषध, जमलेली गुठळी शरीर विरघळवायला लागतं ते हे रोखतं, म्हणून चीर द्यायच्या आधी शिरेतून देतात, काही सर्जन सांध्यातही सोडतात. आईंना आधी पॅरालिसिस, हार्ट अटॅक, फिट किंवा पायात गुठळी असं काही झालं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

पण मला काळजी त्या ९.६ ची वाटते. ऑपरेशनच्या वेळी मांडीला पट्टा आवळला असेल तर टेबलावर रक्त फारसं जात नाही, नंतर मात्र ते मांडीत, पोटरीत आतल्या आत झिरपत राहतं आणि सगळं धरून लिटरभरसुद्धा जाऊ शकतं. पाय काळानिळा दिसतो तो त्यामुळेच. म्हणून हिमोग्लोबिन त्याच दिवशी नाही, दोन-चार दिवसांनी सगळ्यात खाली येतं. आता १३ वाल्याचं तीनने उतरलं तरी १० उरतं, आईंचं तेवढंच उतरलं तर साडेसहावर येईल, आणि रक्त द्यायचा विचार साधारण ७-८ च्या खाली गेलं की होतो (हार्टचा त्रास असेल किंवा चक्कर, धाप असेल तर लवकर).

तेव्हा हा महिना दवडू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी१२, किडनीच्या टेस्ट करून घ्या आणि हिमोग्लोबिन कमी का आहे ते फिजिशियनला नीट शोधायला सांगा. गुडघेदुखीवाले वर्षानुवर्षं पेनकिलर खातात, त्याने पोटात अल्सर होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं आणि घरात कुणाला पत्ताच नसतो, शी काळी होते का हे आईंना विचाराच. लोह कमी निघालं तर गोळ्यांना वेळ लागतो, शिरेतून लोह देता येतं का विचारा, आणि गोळी चालू असेल तर चहाबरोबर अजिबात नको. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती मनाने बंद करू नका. आणि हिमोग्लोबिन वर येत नसेल तर तारीख पुढे ढकला म्हणायला लाजू नका, गुडघा महिनाभर थांबू शकतो.

रक्त द्यायचीच वेळ आली तर आधी एकच बाटली देऊन परत तपासा अशी विनंती करा, एका बाटलीने साधारण १ ने वाढतं.

अजून एक, मुलं काउंटरवर येऊन म्हणतात माझंच रक्त आईला द्या. भावना कळते हो, पण सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित पेशंटच्याच शरीरावर उलटतात आणि ते जिवावर बेततं. तुम्ही रक्त जरूर द्या, ते दुसऱ्या कुणाला जाईल, आईंना स्टॉकमधलं तपासलेलं मिळेल.