चौथीची वार्षिक परीक्षा : सुरुवातीला एवढंच धरा

ताई, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांची तयारी पहिल्यांदाच घेताय, तर अख्खा अभ्यासक्रम पुन्हा शिकवायच्या मागे लागू नका. तुम्हाला नक्की जमेल. आधी तीनच गोष्टी.

१. उत्तर आधी तोंडी. आपली बरीच मुलं घरी कोकणी बोलतात आणि पेपर मराठीत लिहितात. उत्तर ठाऊक असतं, वाक्य अडतं. ‘मांडवी नदीचा आपल्याला काय उपयोग?’ असं विचारा. त्याला कोकणीत सांगू द्या, मग तेच मराठीत दोन वाक्यांत बोलून घ्या, शेवटी लिहू द्या. कोकणीला मधेच टोकू नका. मूल गप्प होतं ते तिथेच, आणि मग घोकंपट्टीच उरते.

२. रोज दोन शाब्दिक उदाहरणं. मोठ्याने वाचायचं, काय दिलंय आणि काय विचारलंय ते सांगायचं, आकडेमोड नंतर.

३. घड्याळ लावून एखादा पूर्ण पेपर.

नवीन माणूस हमखास चुकतो तो गाईडमधली उत्तरं पाठ करून घेण्यात. मग १९ डिसेंबर १९६१ ही तारीख मूल धडाधड सांगतं, पण गोवा कोणाच्या राजवटीतून मुक्त झाला हे विचारलं की तोंडाकडे बघत राहतं.

आणि शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सणात, मुलं रोमटामागे (ढोल-ताशांच्या मिरवणुकीमागे) जाणारच, जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढा गणिताचा तास ठेवू नका. शिष्यवृत्तीचे जादा प्रश्न, निबंधाची सजावट हे सध्या राहू दे. पहिल्या आठवड्यात कोण कुठे अडतं तेवढं टिपून ठेवा, पुढचं त्यावरून ठरवू.