अवकाशाच्या बातम्यांवरून विज्ञानकथा लिहायला बसलो की निबंधच होतो. काय करावं?

तुम्ही म्हणता, चांद्रयान, व्हॉयेजर यांच्या बातम्या वाचून उत्साहाने लिहायला बसता आणि चार पानं नुसती माहितीच होते. शिवाय कथा छापून येईस्तोवर बातमी शिळी झाली तर, ही धास्ती वेगळीच. मी इंदूरला असतो, अधूनमधून दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहितो. त्यावरून जे कळलं ते सांगतो.

आधी मथळा सोडून द्या. मथळ्यात पराक्रम असतो, आणि तो घडून गेलेला असतो. तुम्हाला करण्यासारखं त्यात काही उरत नाही. बातमी खालपर्यंत वाचली की कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी अडलेलं सापडतं. कथा तिथे आहे.

लायगोचंच घ्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तूंच्या टकरींसारख्या घटनांनी अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग) टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. ती उभारणाऱ्या संस्थांत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तसं आमचं राजा रामण्णा हे लेसरवर संशोधन करणारं केंद्रही आहे, ज्याला इंदुरात सगळे अजून 'कॅट'च म्हणतात. आता ४ किलोमीटरच्या दोन भुजा, निर्वात नळ्या, लेसर, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाइतका फरक ओळखणारे आरसे, हे सगळं थक्क करणारं आहे, पण एवढ्यावर लिहिलंत तर निबंधच होणार.

त्याऐवजी ही भानगड बघा. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगोत २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये भलतेच ठोके दिसायला लागले. शोधता शोधता कळलं की नायट्रोजनच्या थंडगार नळीवर बर्फ साचायचा आणि तहानलेले डोमकावळे त्यावर चोची मारायचे. बर्फात चोचींच्या खुणाही सापडल्या. अब्जावधी वर्षांपूर्वीची कृष्णविवरांची टक्कर ऐकायला बसवलेलं यंत्र, आणि त्यात ऐकू येतोय कावळा!

मराठी माणसाला यावरून पुढचं सुचलं नाही तरच नवल. हिंगोलीची वेधशाळा सुरू झाली आहे असं धरा. नियंत्रण कक्षात रात्रपाळीला एक मुलगी आहे. ती मूळची इंदूरची, म्हणजे तिच्या हिंदी मिसळलेल्या मराठीला तिथले सहकारी हसणार. परकेपण आयतंच मिळालं. वडील गेलेत. निरीक्षणं ऐन रंगात असल्याने तिला परत यावं लागलंय, आणि रात्रपाळी संपता संपता, सकाळी उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर भाऊ दहावा करतोय. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून त्याचे फोनवर फोन: "ताई, बाबांचं काही राहिलं होतं का गं?" आणि इकडे पडद्यावर एक ठोका उमटतो. मग दुसरा. असा ठोका दिसला की 'गोंगाट' असा शेरा मारून तो भाग बाजूला काढायचा, हेच तिचं काम. शेरा मारायचा की भावाला फोन करायचा?

इथे चमत्कार घुसडायचा मोह होईल, तो टाळा. कावळा कावळाच राहू द्या. भौतिकशास्त्राचा एकही नियम न मोडता ती मुलगी पुरती अडकली आहे, तेवढं पुरे.

लायगोतच आणखी एक आयती कथा पडून आहे, तीही खरी. २०१० च्या सप्टेंबरमध्ये यंत्राने एक झकास संकेत टिपला. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर बंद पाकीट उघडलं, तर तो संकेत खोटा! चाचणी म्हणून मुद्दाम घुसवलेला. असं कधीतरी होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हा संकेत खोटा आहे हे माहीत असणारे मोजकेच होते. त्या मोजक्यांतला एक जण रोज मित्रांबरोबर जेवत असेल. त्याच्या बाजूने लिहून बघा.

व्हॉयेजर-१ या सूर्यापासून दूर निघून गेलेल्या नासाच्या यानाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ पासून ते यान निरर्थक आकडे पाठवू लागलं. एक मेमरी चिप बिघडली होती. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे एकत्र मावेना, म्हणून त्याचे तुकडे करून जागा मिळेल तिथे ठेवले आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. मला यातला २२.५ तासांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. संदेश पोचायला तेव्हा एवढा वेळ लागायचा, उत्तर यायला पुन्हा तेवढाच. आज्ञा पाठवल्यावर जवळजवळ दोन दिवस त्या इंजिनिअरला करण्यासारखं काहीच नाही. तो घरी जातो. घरी काय चाललंय, ते तुम्ही ठरवा.

माहिती किती घालायची? पात्राला त्या क्षणी लागते तेवढी. चांद्रयान-३ च्या तापमापकाने चंद्राच्या पृष्ठभागावर ५० अंशांच्या आसपास आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश तापमान नोंदवलं. हा आकडा नुसता लिहिलात तर वाचक पान उलटेल. तुमचं पात्र चंद्रावर काहीतरी पुरायला वाकलं असेल, तर त्याच आकड्यावर कथा उभी राहील.

राहिला शिळेपणाचा प्रश्न. २०२४ वायआर४ हा लघुग्रह आठवतो? तो २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. तो जिथे पडू शकला असता त्या भूभागांत अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होते. महिना संपायच्या आत ती शक्यता जवळपास शून्यावर आली. बातमी संपली, पण ती टक्केवारी चढली कशी ते बघा. निरीक्षणं वाढतात तसा लघुग्रह नेमका कुठून जाईल याच्या अनिश्चिततेचा पट्टा आकसत जातो. पृथ्वी त्यात असेपर्यंत धोक्याचा आकडा वाढत राहतो, आणि पट्टा तिच्यावरून सरकला की एकदम कोसळतो. असं पुन्हा होणार, दुसऱ्या एखाद्या दगडाच्या बाबतीत. तेव्हा त्या लघुग्रहाचं नाव बदला, साल बदला, आणि आकडा चढता असताना दादरला वीस वर्षांच्या कर्जावर फ्लॅट घ्यायला निघालेलं एक जोडपं घ्या. बँकेत सहीची तारीख ठरली आहे. नवऱ्याला पट्टा कसा आकसतो हे गणितासकट कळतं, बायकोला आकडा रोज वाढताना दिसतो. ही कथा २०३२ उलटून गेल्यावरही छापायला दिलीत तरी चालेल.