डावी बाजू पुन्हा दगडासारखी झाली

प्रश्न : डॉक्टरताई, वय ३९, राहणार मानेवाडा. २०१७ मध्ये दोन्ही स्तनांत इम्प्लांट बसवले. चार वर्षांनी डावी बाजू कडक होऊन वर सरकली. डॉक्टरांनी आतली पिशवी चिरून तेच इम्प्लांट परत ठेवलं. आता पुन्हा तसंच. त्या कुशीवर झोपता येत नाही. ते म्हणतात, "मोठा साइज टाकू, सेट होऊन जाईल." नवरा म्हणतो, काढून टाक. मला मात्र पुन्हा हवे आहेत. लिहितानाही लाज वाटून राहिली.

उत्तर : लाज कसली? हवे आहेत म्हणालात, तिथूनच बोलू. पण मोठ्या साइजवर माझी फुली. आकार कमी पडला म्हणून ही बाजू कडक झालेली नाही. इम्प्लांटभोवती शरीर व्रणाची पिशवी तयार करतंच, काहींची ती आवळत जाते. तुमची नुसती चिरली आणि जुनंच इम्प्लांट आत गेलं. मोठ्या इम्प्लांटने वरची कातडी ताणून आणखी पातळ होईल, बाकी काही नाही.

मी असते तर पिशवी काढून नवं इम्प्लांट बसवलं असतं, आणि आधीचं स्नायूच्या वर असेल तर नवं स्नायूखाली. तरी हमी देत नाही. एकदा आवळलेली बाजू पुन्हा आवळू शकते. आत पू निघाला तर त्या दिवशी फक्त काढायचं आणि काही महिने थांबायचं.

आधी २०१७ ची फाइल शोधा. त्यात कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गनने बायोसेल हे खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांच्याशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. तुमचे तेच निघाले तर घाबरू नका. पण अचानक सूज आली तर आतलं पाणी सुईने काढून तपासायलाच हवं. एमआरआयही करा, सिलिकॉन आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळत नाही.

आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा? तुम्ही लिहिलं नाही, पण नागपुरात मी प्रत्येकीला विचारते आणि कुणीतरी हळूच पर्सकडे बघतेच. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे, नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाके उसवतात.

यजमानांचा सल्लाही वेडगळ नाही. काढून मोकळ्या झालेल्या बायका माझ्याकडे आहेत, मजेत आहेत. ठरवायचं मात्र तुम्ही.

ताप, लाली, नवी सूज नसेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या. मे महिन्यात ४५ अंशांत ती घट्ट सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालायची म्हणजे कूलरसमोर बसूनही घामोळं चुकत नाही.