हेइमाए बेटाची टूर घ्या, पण रात्री तिथेच राहा

ताई, जुलैत आई-बाबांना घेऊन साताऱ्याहून आइसलँडला जाताय, तर तिथल्या हेइमाए बेटाची एका दिवसाची गाइडेड टूर घ्यावी का आणि पफिन हे समुद्रपक्षी नक्की दिसतील का, हा तुमचा प्रश्न. टूर घ्या, पण त्याच दिवशी परत फिरू नका.

पफिन दुपारी बहुतेक समुद्रावर असतात. कड्यावर त्यांची गर्दी होते ती संध्याकाळी, जेवणवेळेनंतर. दुपारची बस दोन तासांत बेट फिरवून आणते आणि माणसं चार-दोन पक्षी बघून खट्टू होतात. जुलैत तिथे रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे एका मुक्कामात काम होतं. महिना तुम्ही चांगला निवडलाय. जूनमध्ये जोडी बिळातल्या एकुलत्या एका अंड्यावर आळीपाळीने बसते. पिल्लू निघालं की चोचीत आडवे मासे धरून फेऱ्या सुरू होतात. सगळ्यांना हवा असतो तो फोटो तेव्हाच मिळतो. ऑगस्ट सरताना पक्षी निघून जातात.

जागा म्हणजे स्टोरहोव्डी, बेटाचं दक्षिण टोक. तिथे पक्षी बघायला लाकडी आडोसा आहे, त्यात बसा. गवताच्या उतारावर उतरू नका: खाली मीटरभर खोल बिळं असतात, पाय पडला की बीळ ढासळतं आणि पुढे सरळ कडा. फुल्मार या समुद्रपक्ष्याच्या घरट्याजवळही जाऊ नका, तो घाण वासाचं तेल नेम धरून थुंकतो आणि जाकिटाचा वास काही केल्या जात नाही. पफिन कबुतराहून लहान असतो, म्हणून दुर्बीण हवीच. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी) घ्या, १० पटीची बोटीवर हलते. उडत्या पक्ष्याला कॅमेऱ्याचं शटर १/२००० सेकंद ठेवा.

वाऱ्याचं म्हणाल, तर पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर जे होतं ते इथे रोजचं. छत्री घरीच ठेवा. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घ्या. बेटाची फेरी बोट एरवी लँडेयाहोफ्न बंदराहून सुटते, पाऊण तासाच्या आत पोचते. समुद्र खवळला की ती थोर्लाक्सहोफ्नहून सोडतात, मग पावणेतीन तास. म्हणून सकाळी निघण्याआधी बंदर कोणतं ते बघा. बोट लागत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी चढण्याआधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एल्डफेल, बेटावरचा ज्वालामुखी. अजिंक्यताऱ्याचा कातळही लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; एल्डफेल २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाला लागूनच फुटला. पाच हजारांवर माणसं त्याच रात्री, बहुतेक बोटींनी, हलवली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा त्यावर समुद्राचं पाणी मारून त्याला थिजवलं. चढण दोनशे मीटरच्या आसपास, पण सुट्या लाल खड्यांची. चढताना नाही, उतरताना पाय घसरतो. बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली एल्डहेइमार संग्रहालयात बसवा, राखेखालून उकरलेलं घर तिथे जागेवरच ठेवलंय.

बोटीची टूर घेणार असाल तर रबरी स्पीडबोट टाळा, लाटेवर आपटून कंबर धरते. आणि सुर्ट्सेच्या नावाने जादा पैसे मागितले तर आधी विचारून घ्या: १९६३ साली समुद्रातून वर आलेल्या त्या बेटावर संशोधकांशिवाय कुणालाही उतरू देत नाहीत, बोट लांबून वळसा घालून परत येते.