रिट्रीटमध्ये बोलणे किती, मौन किती? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) ४० महाविद्यालयीन मुलामुलींसाठी एका दिवसाचे रिट्रीट, म्हणजे मौन आणि प्रार्थनेचा दिवस, घेणार आहोत. मागच्या वेळी चार वक्ते बोलावले होते, तरी मुले कंटाळली आणि मौन तर अर्धा तासही टिकले नाही. यंदा पन्हाळ्यावर न्यावे का? – युवक संघाचे कार्यकर्ते, कसबा बावडा

उत्तर: जागा बदलून हे सुटणार नाही. दिवसभरात चार व्याख्याने झाली की ते शिबिर होते, रिट्रीट राहत नाही. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात, साधना देणाऱ्याला पहिल्याच सूचनांत बजावले आहे की मुद्दे थोडक्यात सांगा; पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, गोष्टीची आतून चव घेतल्याने होतो. म्हणून वक्ता एकच ठेवा. त्याची दोन प्रवचने, प्रत्येकी २० ते २५ मिनिटांची. प्रत्येकानंतर ४५ मिनिटे मौन प्रार्थना आणि मग १५ मिनिटे मागे वळून पाहणे: कुठे मन हलले, कुठे कोरडे राहिले, ते वहीत दोन-चार ओळींत लिहायचे. ही १५ मिनिटेही इग्नाशियस यांच्याच पद्धतीतली आहेत. बसून करा किंवा फेऱ्या मारत. घाईत हीच पहिली कापली जातात आणि मुले घरी काहीच घेऊन जात नाहीत.

मौन मोडते ते खोडकरपणामुळे कमी, आणि आता काय करायचे हे न समजल्यामुळे जास्त. ‘शांत बसा’ एवढे सांगून भागत नाही. शुभवर्तमानातील एक लहान उतारा कागदावर छापून हातात द्या. मार्क १०:४६-५२, आंधळ्या बार्तिमयाची गोष्ट, सातच ओव्यांची आहे आणि ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ हा येशूचा प्रश्न तिच्यातच आहे. वेगळी प्रश्नावली लागत नाही. उतारा मोबाईलवर वाचायला सांगितला की मौन तिथेच संपले. प्रत्येकाची बसायची जागा आधी ठरवा, दोन मित्र एकमेकांच्या नजरेत येणार नाहीत अशी. मोबाईल नाव लिहिलेल्या पाकिटात जमा करा, पण आयोजकांचा एक फोन चालू ठेवून तो नंबर आदल्या दिवशी सगळ्या पालकांना कळवा. हे केले नाही तर ‘आईचा फोन येईल’ म्हणून निम्मे फोन खिशातच राहतात. चहा कप भरून मांडलेला असावा. ‘साखर कमी आहे का?’ इथून गप्पा सुरू होतात.

पापनिवेदनाचा, म्हणजे फादरांना एकेकट्याने आपली पापे सांगण्याचा, हिशेब आधी करा. माणशी पाच मिनिटे धरली तर ४० जणांना २०० मिनिटे, म्हणजे एकाच फादरांना सव्वातीन तासांहून अधिक. मग रांग लागते, रांगेत कुजबुज होते आणि शेवटच्या दहा जणांना घाईत उरकावे लागते. दोन फादर मिळाले तर १०० मिनिटांत होते. ती दुपारच्या मौनात बसवा. कोल्हापूरच्या बाजूला फादर मोजकेच, आणि प्रायश्चित्तकाळात त्यांचे दिवस भरलेले असतात, तेव्हा महिनाभर आधी विचारा. खुर्च्या सर्वांना दिसतील पण ऐकू जाणार नाही इतक्या दूर ठेवा.

मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, शेवटी, साडेचारला. ख्रिस्तशरीर (मिस्सातील पवित्र भाकर) स्वीकारण्याआधी एक तास उपास असतो, म्हणून चहा-बिस्किटे साडेतीनला आटोपलेली हवीत. शहरात प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत, अमेरिकन मिशनचे काम इथे १८५२ पासूनचे. त्यामुळे तुमच्या मुलांचे मित्रही येतील. त्यांचे मनापासून स्वागत करा. मिस्सात ख्रिस्तशरीराऐवजी ते हात छातीवर दुमडून आशीर्वाद घेऊ शकतात, हे सकाळीच सांगा, म्हणजे ऐन वेळी कोणी अवघडणार नाही.

जेवणात तांबडा-पांढरा नको. शुक्रवार असेल तर मांस वर्ज्यच आहे. रविवारी चालते, पण मटणाच्या जेवणानंतर दोनच्या मौनात निम्मी मुले झोपतात. ४० जणांना साडेतीन किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ, एक उसळ, चपात्या आणि ताक पुरे.

पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर आहे, पण रविवारी तिथे पर्यटकांची वर्दळ असते. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी रिकामी असलेली शाळा बरी. शेजारच्या हॉलमध्ये त्या दिवशी लग्न नाही ना, एवढे विचारून घ्या.

प्रश्न: मुलाला फादर होण्यासाठी सेमिनरीत (याजक घडवणाऱ्या विद्यालयात) जायचे आहे. तिथे आध्यात्मिक मार्गदर्शकाला तो जे सांगेल ते रेक्टरपर्यंत (सेमिनरीच्या प्रमुखांपर्यंत) जाते का? आणि एकूण किती वर्षे लागतात? – एक आई, नागाळा पार्क

उत्तर: जात नाही, ताई. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम २४० नुसार, कोणाला याजकदीक्षा द्यावी किंवा कोणाला घरी पाठवावे हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे व पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांचे मत विचारताच येत नाही. कलम ९८५ प्रमाणे, विद्यार्थ्याने एखाद्या प्रसंगी स्वतः होऊन मागितले नाही तर रेक्टर त्याचे पापनिवेदन ऐकत नाहीत. मुलाला हे जाण्याआधीच समजावून सांगा. मार्गदर्शकासमोर जो मोकळा होत नाही, त्याची वर्षे चांगला दिसण्यात जातात आणि बोलावणे खरे आहे का, हा प्रश्न तसाच राहतो.

पूर्वतयारीची एक ते दोन वर्षे, तत्त्वज्ञान किमान दोन, ईशज्ञान (थिऑलॉजी) किमान चार. मध्ये सेवाकार्याचा काळ येऊ शकतो. याजकदीक्षेसाठी वय २५ पूर्ण लागते. बाप्तिस्मा व दृढीकरणाचे दाखले आताच काढून ठेवा. कोल्हापूर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते, तेव्हा आपल्या फादरांमार्फत तिथे विचारणा करा. घरून कोणताही निकाल लावू नका, ना ‘जाच’ म्हणून, ना ‘जाऊ नको’ म्हणून.

प्रश्न: आमच्या वसतिगृहात १२ मुली आहोत. भांडी आणि रात्रीचा गोंगाट यावरून रोज वाद होतात. – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: भांड्यांची पाळी रोज बदलू नका, आठवड्याची करा, रोजच्या पाळीत कालची खरकटी कढई कोणाची हे कधीच ठरत नाही. दोघींची जोडी ठेवा आणि शनिवारी रात्री पुढच्या जोडीने स्वयंपाकघर पाहूनच ताब्यात घ्यावे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर नाश्त्यापर्यंत मौन हा सेमिनरीतला जुना नियम वसतिगृहातही चालतो, मात्र फोनवर बोलण्यासाठी एक कोपरा ठरवून द्या, नाहीतर सगळ्या जिन्यात बसतात. तक्रार असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी तिच्याशी एकटीशी बोला, ग्रुपवर लिहू नका. पंधरा दिवसांतून एकदा ४० मिनिटांची बैठक घ्या. तिथे ‘ती अशीच आहे’ असे न म्हणता ‘मंगळवारी ओटा पुसलेला नव्हता’ असे बोलायचे.