गुन्हा कबूल केलेल्या आरोपीचा बचाव वकील कोणत्या मनाने करतो?

आपण विचारले आहे की, आपल्या गावातील खुनाच्या खटल्यात आरोपीनेच तो खून केला हे सगळ्या गावाला ठाऊक असताना आणि बहुधा त्याच्या वकिलालाही ठाऊक असताना, त्या वकिलाचे मन त्याला खात कसे नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी फौजदारी वकिली करतो. बचाव करतो म्हणून माझे मन मला खात नाही. मात्र तो कोणत्या मार्गाने करतो, याचा हिशेब ते रोज मागते.

गावाला ठाऊक असते ते एवढेच की कोणी कोणाला मारले. न्यायालयाला त्यापुढचे बरेच काही ठरवायचे असते. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एक प्रकरण सांगतो. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवरून दोन चुलतभावांत भांडण पेटले, एकाने हातातली कुऱ्हाड दुसऱ्याच्या डोक्यात घातली आणि तो दवाखान्याच्या वाटेवरच गेला. कारागृहात झालेल्या पहिल्याच भेटीत आरोपी म्हणाला, "म्याच मारलं, वकीलसाहेब. आता लपवू कायले?" दोषारोपपत्रात तेव्हाच्या दंड संहितेचे कलम ३०२ लावले होते, म्हणजे जन्मठेप किंवा फाशी. शवविच्छेदन अहवालात मात्र डोक्यावर एकच जखम नोंदवली होती आणि तिच्या कडा कापलेल्या नव्हत्या, चेचून फाटलेल्या होत्या. याचा अर्थ घाव पात्याचा नव्हता, तुंब्याचा, म्हणजे कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा होता. कुऱ्हाड फांद्या छाटायला आणलेली होती, भांडण अचानक झाले होते आणि पहिल्या घावानंतर दुसरा घातलेला नव्हता. या सर्व बाबी फिर्यादीच्याच कागदांत होत्या. डॉक्टरांच्या आणि पंचांच्या उलटतपासणीत त्या स्पष्टपणे नोंदीवर आणणे एवढेच माझे काम होते. न्यायालयाने तो खून न मानता कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखालील सदोष मनुष्यवध मानला, ज्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत असते. त्या माणसाने ती भोगली. या संपूर्ण खटल्यात मी एकही खोटे वाक्य उच्चारले नाही.

कायदा वकिलाकडून हेच अपेक्षितो. आरोपीच्या अपराधाबद्दल स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्याविना कोणालाही दोषी ठरवू नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. त्याच नियमात 'न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनी' ही अटही आहे, आणि लोकांचा राग बहुतेक वेळा ही अट मोडणाऱ्यांमुळे ओढवतो, असे माझे मत आहे. अशील मला सत्य सांगून मोकळा झाला आणि नंतर त्याचा भाऊ येऊन म्हणाला की, "तो त्या दिवशी अमरावतीले होता असं सांगाले दोन माणसं उभे करतो," तर मी नकार देतो. साक्षीदार फोडण्याची गोष्ट काढली तर वकीलपत्र सोडण्याची तयारी ठेवतो. अशिलाने झाल्या गुन्ह्याबद्दल विश्वासाने सांगितलेले मी कोणापुढेही उघड करू शकत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने आणि आता साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने मला तसे बांधून ठेवले आहे. परंतु पुढे करायच्या बेकायदेशीर कृत्यासाठी केलेल्या बोलण्याला ते संरक्षण नाही. आरोपीला गप्प राहण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे, म्हणून मी त्याला गप्प राहण्याचा सल्ला देतो, खोटे बोलण्याचा देत नाही.

खरी अडचण याहून वेगळी आहे. समोर उभी असलेली साक्षीदार खरे बोलते आहे हे मला अशिलाकडूनच कळलेले असते आणि तिची उलटतपासणी मलाच घ्यायची असते. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत हा पेच सर्वांत जड होतो. संमती सिद्ध करण्यासाठी पीडितेच्या पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारण्यास २०१३ च्या दुरुस्तीने मनाई केली. ती नसती तरी मी ते विचारले नसते. मी वेळ, अंतर, उजेड, पोलिसांनी जबाब कसा लिहून घेतला, जप्तीचा पंचनामा खरोखर जागेवर झाला की ठाण्यात बसून, हे विचारतो. 'तुम्ही खोटे सांगत आहात' ही सूचना आमच्याकडे उलटतपासणीच्या शेवटी सर्रास केली जाते. ही सूचनाच खोटी आहे, म्हणजे साक्षीदार खरे बोलते आहे, हे मला ठाऊक असेल तेव्हा मी ती करत नाही. काही सहकारी याला अशिलाशी प्रतारणा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण पुरावा तपासणे आणि खऱ्या माणसाला खोटे ठरवणे यांत मला फरक दिसतो, जरी तो प्रत्येक प्रश्नागणिक नव्याने शोधावा लागत असला तरी.

आरोपीला वकीलच मिळाला नाही तर पीडितांना लवकर न्याय मिळेल, असे आपल्याला वाटत असेल तर दिल्लीचा एक खटला पाहावा. १९९७ मध्ये तेथे एका बसमध्ये स्फोट झाला आणि त्यातील आरोपीला फाशीची शिक्षा झाली. परंतु बहुतेक साक्षी त्याच्या बाजूने वकील नसताना नोंदवल्या गेल्या होत्या, म्हणून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. मृतांच्या नातेवाइकांच्या वाट्याला पंधरा वर्षांनी पुन्हा पहिली तारीख आली. गावात संताप असला की 'या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे ठराव वकील संघ करतात. असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोहम्मद रफी प्रकरणात सांगितले आहे. मृताच्या घराशी माझे जाणे-येणे असेल तर मी प्रकरण घेत नाही, आणि तेव्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपीला वकील मिळतो.

आपण मृताच्या कुटुंबापैकी असाल, तर आरोपीच्या वकिलावर रागावण्यापेक्षा उपयोगी पडतील असे काही मार्ग कायद्यात आहेत. आपण स्वतःचा वकील नेमून सरकारी वकिलांना साहाय्य करू शकता आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवादही देऊ शकतो. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला, तर त्याविरुद्ध अपील करण्याचा अधिकार पीडिताला आहे. अर्जदार महिला असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, आणि तो साक्षीपुराव्याची पहिली तारीख लागण्यापूर्वीच करावा.